पैलवानाच्या पोटातली गाठ

४ मार्च, मंगळवार

हसले! सगळेच्या सगळे हसले. माझ्या दुकानात, माझ्याच खुर्च्यांवर बसून!

झालं असं — माझा कुत्रा पैलवान पायरीवर उभा होता. समोरच्या गल्लीतला तो पिवळा कुत्रा आला, त्याला हुंगलं, आणि सरळ त्याच्या पाठीवर चढायला लागला. नर कुत्रा! आणि आमचा पैलवान, एकतीस किलोचा, ज्याच्या एका गुरगुरण्यावर गल्ली रिकामी व्हायची, तो नुसता उभा. मान खाली घालून.

गॅरेजवाल्याच्या अर्ध्या तोंडाला फेस. तो तसाच आरशात बघून ओरडला, "अरे, तुझ्या पैलवानाला स्थळ आलं बघ!" मास्तर पेपरामागे खुसखुसले. मास्तर! एकोणचाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस.

मी पिवळ्याला हाकललं. हातात वस्तरा होता म्हणून पुढे काही बोललो नाही.

सात वर्षं मीच ह्या लोकांना सांगत आलोय — असा नर ह्या भागात दुसरा नाही. आपणच मारलेली बढाई, आपल्यालाच निस्तरायची.

५ मार्च, बुधवार

दुकान बंद करताना पैलवानाला विंचरलं. तो तिसऱ्या खुर्चीखाली झोपतो — जिची उंची आता वर-खाली होत नाही ती. तिच्यावर गिऱ्हाईक बसवत नाही, म्हणजे ती खुर्ची त्याचीच.

फणीत केस आले. खूप आले. दिव्याखाली ओढून नीट बघितलं तर बरगडीच्या मागे केस विरळ झालेत. खाली काळसर कातडी दिसते. मग दुसरी कूस बघितली. तिथेही तसंच. तेवढंच. तिथूनच.

हे मला खटकलं. चौतीस वर्षं लोकांची डोकी हातात घेतोय. नायटा असेल तर एकाच जागी गोल चट्टा पडतो. खाज असेल तर जनावर ओरबाडतं, कातडी लाल होते. हा खाजवतच नाही. आणि दोन्हीकडे एकसारखं — जणू मीच आरशात बघून कापलेत!

हिला सांगितलं. ही पोस्टात काउंटरवर असते, दिवसभर लोकांशी बोलून घरी आल्यावर तिला बोलवत नाही. एवढंच म्हणाली, "बारकीला दाखवा."

बारकीला काय दाखवायचं, लेकच ती. तेल लावलं.

७ मार्च, शुक्रवार

तेलाचा उपयोग शून्य. सगळं घर मात्र तेलकट.

९ मार्च, रविवार

बारकी आली होती. नाव बारकी, उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. गेल्या जूनपासून ती मोठ्या डॉक्टरांच्या जनावरांच्या दवाखान्यात आहे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव खाली, लहान अक्षरांत. पण आहे! मी तिथून सायकलवरून जातो तेव्हा वाकडी वाट करून जातो. पाटी वाचून परत येतो. हे तिला माहीत नाही.

तिनं चहाही घेतला नाही. पैलवानाला आडवं केलं. कुशीवर हात फिरवला आणि मला विचारलं, "दोन्हीकडे सारखंच गळतंय, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"बुधवारी."

"खाजवतो?"

"अजिबात नाही."

"आणि बाकी काही बदललं?"

मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघायला लागली. शेवटी सांगितलं एकदाचं. पिवळ्याचं. शब्द जुळवताना घाम फुटला. आपल्या लेकीपुढे असलं बोलायचं म्हणजे!

ती हसली नाही. पैलवानाचे स्तन बघितले — सुजल्यासारखे झालेत, मी बघितलेच नव्हते. मग मागच्या पायांत हात घातला. मी उठून पाणी प्यायला गेलो. उगाच.

परत आलो तर म्हणाली, "बाबा, ह्याचं एकच वृषण खाली उतरलंय. दुसरं पोटातच राहिलंय. जन्मापासून."

वृषण! सरळ म्हणाली. आम्ही शाळेत होतो तेव्हा तो धडा सरांनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. घरी कोणीही वाचला नाही.

पुढे तिनं समजावलं. पोटात ऊब जास्त, म्हणून अडकलेल्या वृषणाला गाठ धरायची भीती असते. त्याला बहुतेक धरलीच आहे. ती गाठ अशी काहीतरी द्रव्यं सोडते की नराचं शरीर मादीसारखं वागायला लागतं. म्हणून केस गेले, म्हणून स्तन सुजले, म्हणून दुसरे नर मागे लागतात. "त्याच्यात काही कमी नाही झालं बाबा. तो आजारी आहे."

आजारी आहे. आणि आम्ही हसलो.

खरं म्हणजे मी हसलो नव्हतो. पण लाज वाटली होती मला त्याची. ते हसण्याहून वाईट.

त्याच रात्री, जेवणानंतर

झोप येत नाही म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी, ती कॉलेजात असताना, सुट्टीत आली होती तेव्हा म्हणाली होती, "बाबा, पैलवानाची नसबंदी करून घेऊ या. एकदा नीट तपासूही." मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "माझ्या दुकानात पुरुष बसतात. त्यांना काय सांगू?"

तिनं पुन्हा विषय काढला नाही. तेव्हा मला वाटलं, जिंकलो!

१० मार्च, सोमवार

आज दुकानाला सुट्टी. पैलवानाला घेऊन दवाखान्यात.

सोनोग्राफी झाली. पडद्यावर मला ढगाशिवाय काही दिसलं नाही. बारकीला दिसलं. "ही बघा. मूत्राशयाच्या जवळ. लिंबाएवढी." मोठे डॉक्टर चष्मा कपाळावर ढकलून वाकले आणि म्हणाले, "बरोबर." एकच शब्द. पण तो शब्द मी घरापर्यंत सांभाळून आणला आणि हिला जसाच्या तसा दिला.

रक्तही घेतलं. सुई टोचताना पैलवान माझ्याकडे बघत होता. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

आणि निघताना मोठ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "केस गळताना दोन्ही बाजू सारख्या आहेत हे कुणी बघितलं?" बारकी म्हणाली, "माझ्या बाबांनी. ते न्हावी आहेत."

असं ताठ मानेनं म्हणाली. कॉलेजात असताना ती मैत्रिणींना "बाबांचं दुकान आहे" एवढंच सांगायची. कसलं दुकान ते सांगायची नाही. मला ते माहीत होतं. मी कधी बोललो नाही.

११ मार्च, मंगळवार

दुकानात सगळ्यांनी विचारलं, काल पैलवान कुठे चालला होता. "लस," म्हणालो. खोटं. दिवसभर कुणाकडे न बघता कात्री चालवली.

१२ मार्च, बुधवार

रक्ताचा अहवाल आला. रक्त गोठायला जे लागतं ते कमी झालंय. त्या गाठीचीच करणी. अजून कमी झालं तर ऑपरेशन करताच येणार नाही, आणि नाही केलं तर कमी होतच जाणार. म्हणून शुक्रवारी.

कोण करणार, हा प्रश्न होता. नेहमीचं ऑपरेशन सोपं, बाहेरच्या बाहेर. हे पोट उघडून शोधायचं. मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लावलं. म्हणाले, "घरचं जनावर आहे, तिच्यावर ताण येईल. तुमची इच्छा असेल तर मी करतो. स्पष्ट सांगा."

मी म्हणालो, "साहेब, माझ्या बापाची दाढी शेवटपर्यंत मीच केली. घरच्या माणसावर हात जास्त सांभाळून चालतो."

त्यांनी उठून दार उघडलं. मग म्हणाले, "ठीक आहे. ती करेल. मी शेजारी उभा राहीन."

बोलून तर आलो! घरी येईपर्यंत एकच घोळत राहिलं — काही झालं तर? तिच्या हातून झालं तर? कुत्रं जाईल ते जाईल, पोरीचा हात कायमचा कचरेल. हे हिला बोललो. ही भाजी चिरत होती. सुरी खाली न ठेवता म्हणाली, "तिला विचारलंत का, तिला भीती वाटते का?"

विचारलं. फोनवर.

"वाटते," म्हणाली. "म्हणून तर रोज संध्याकाळी पुस्तक काढून बसते."

बरं वाटलं. जो न्हावी म्हणतो मला वस्तऱ्याची भीती नाही, त्याच्यापुढे मी मान देत नाही.

१३ मार्च, गुरुवार

सांगून टाकलं! भर दुकानात, दोन्ही खुर्च्या भरलेल्या असताना.

सुरुवात गॅरेजवाल्यानंच केली. त्याच्याकडे दोन मोठी कुत्री आहेत, पिल्लांसाठी पाळलेली. म्हणाला, "काय रे, तुझा पैलवान हल्ली लाजतो म्हणे."

मी कात्री ठेवली. म्हणालो, "त्याच्या पोटात गाठ आहे. उद्या ऑपरेशन. दोन्ही वृषणं काढणार."

बाकावरच्या तिघांनी पाय जवळ घेतले. एकाच वेळी! मला हसू आलं, पण दाबलं.

"दोन्ही?" गॅरेजवाला म्हणाला. "अरे, गाठ एकात आहे ना? दुसरं तरी राहू दे बिचाऱ्याला."

"हा दोष रक्तातून पुढच्या पिल्लांत जातो. आणि दुसऱ्यालाही पुढेमागे गाठ होऊ शकते. मग कशाला ठेवायचं?" बारकीनं सांगितलेलं जसंच्या तसं.

"पण मग तो कुत्रा राहील का? नुसती उशीची खोळ."

"आणि करणार कोण?" बाकावरून कोणीतरी. "तुझी पोरगी? पोरीनं असलं ऑपरेशन करायचं?"

इथे माझं डोकं फिरलं. पण आवाज चढवला नाही, ह्याचा मला अभिमान आहे. एवढंच म्हणालो, "सात वर्षं हे जनावर तुमच्या पायाशी झोपतंय. आतून पोखरत होतं आणि आपल्यातल्या एकाला कळलं नाही. जिला कळलं ती करणार."

मास्तरांनी पेपराची घडी केली. हळूच म्हणाले, "आणि तू हो म्हणालास?"

"हो."

"शाबास," म्हणाले.

त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं काढली. बीजगणितात बारा मार्क पडले होते. हा पहिला शाबास.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं लिहून ठेवणार. 

सकाळी आठला पोचलो. पैलवान रात्रीपासून उपाशी. त्याला वाटलं मी विसरलो. वाटेत दोनदा थांबून माझ्या खिशाला नाक लावलं.

बारकी हिरव्या कपड्यांत. केस टोपीत कोंबलेले, माझ्याकडून कापून घेते ते. मदतनीस बाई म्हणाल्या, पोटावरचे केस काढायचेत. त्यांनी मशीन चालू केलं. मला आवाजावरूनच कळलं, पातं बोथट आहे. बारकीनं माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तुमचं मशीन आणलंय?"

आणलं होतं! का आणलं होतं कोण जाणे. घरून निघताना पिशवीत टाकलं होतं, वस्तऱ्यासकट.

"वस्तरा नको," ती म्हणाली. "कातडीला बारीक चिरा पडतात, त्यातून जंतू आत जातात. फक्त मशीन. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत. कातडी ताणून."

"मला शिकवतेस?" म्हणालो. ती हसली. तेवढंच आम्ही आज हसलो.

भुलीचं इंजेक्शन झालं होतं. पैलवान टेबलावर उताणा, जीभ बाहेर, पाय चार दिशांना. मी त्याचं पोट भादरलं. पहिला फटका वरवरच गेला. एकदाच. मग हाताला कामाची आठवण झाली. नवरदेवांच्या दाढ्या केल्या, तान्ह्या पोरांचे केस उतरवले, पण एवढं मन लावून कधी काही केलं नसेल. एक ओरखडा नाही. मोठे डॉक्टर वाकून बघून म्हणाले, "दर शुक्रवारी येता का?"

मग मला बाहेर काढलं. दाराला काचेची चौकट आहे, वहीच्या पानाएवढी. ही बाकावर बसली, रजा काढून आली होती. मी काचेला नाक लावून उभा.

हिरव्या कापडाखाली पैलवान दिसेनासा झाला. फक्त एक चौकोन उघडा. तिनं चाकू घेतला. मी तिच्या हाताकडे बघत होतो, जखमेकडे नाही. चाकू धरायची तिची पद्धत! करंगळी वेगळी, टेकवलेली. वस्तरा धरताना मी अशीच करंगळी टेकवतो. मी तिला कधी शिकवलं नाही. लहानपणी खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून तिला बसवायचो, तिथून तासन् तास बघत बसायची. बघूनच उचललं असणार.

दहा मिनिटं. पंधरा. ती बोटानं शोधत होती. मोठे डॉक्टर शेजारी, हात मागे बांधून. वीस मिनिटं झाली. त्यांचे हात सुटले. ओठ हलले. दार जाड, पण ऐकू आलं — "मी बघू का?"

तिनं मान हलवली. "नको सर. सापडेल."

माझ्या श्वासानं काच धुरकटली, बाहीनं पुसली. मागून ही म्हणाली, "काय झालं? सांगा तरी." मी मागे वळलोच नाही. मनात म्हणत होतो — हो म्हण गं, बाजूला हो, त्यांना करू दे, ह्यात कमीपणा नाही. आणि त्याच मनात — नको होऊस!

मग तिचा खांदा सैल झाला. एवढंच दिसलं. खांदा. आणि बोटांच्या टोकावर ती गाठ वर आली. गुळगुळीत, फिकट, लिंबाएवढी. तिनं बांधलं, तपासलं, पुन्हा बांधलं, मग कापलं. ताटलीत ठेवल्याचा आवाज आला — टक्. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा हात मागे बांधले.

रक्ताचीच धास्ती होती. ती प्रत्येक जागा कापसानं टिपून, थांबून, बघून पुढे जात होती. घाई नाही. दुसरं वृषण काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. टाके घातले. सारख्या अंतरावर. मी मोजमाप करणारा माणूस, कल्ल्यांची उंची डोळ्यांनी जुळवतो — सांगतो, सारख्या अंतरावर!

बाहेर आली. मास्क खाली केला. गालांवर त्याचे वळ. म्हणाली, "झालं बाबा. आतून स्वच्छ दिसलं. गाठ तपासायला पाठवू."

मी म्हणालो, "हं."

हं! चौतीस वर्षं दिवसभर बडबड करणारा माणूस, आणि ऐन वेळेला हं. ही पुढे झाली आणि तिला धरलं. मग ती रडली. थोडंसं. "सापडत नव्हतं गं आई," म्हणाली.

आणि एक गोष्ट. आज सबंध दिवसात, ह्या सबंध आठवड्यात, तिनं एकदाही म्हटलं नाही — मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं ना. एकदाही नाही! ऑपरेशन हातांनी होतं. हे कशानं होतं मला माहीत नाही. पण ह्याचाच मला जास्त अभिमान वाटला.

१५ मार्च, शनिवार

पैलवान घरी. गळ्यात प्लास्टिकचा कर्णा, टाके चाटू नये म्हणून. दाराला आपटतो, कपाटाला आपटतो, माझ्या पोटऱ्यांना आपटतो. पाणी प्यायला वाटी कर्ण्यात धरावी लागते. मी धरतो.

१६ मार्च, रविवार

जेवला! ताट चाटून पुसून. मग माझंही.

१८ मार्च, मंगळवार

पैलवानाला दुकानात आणलं. तिसऱ्या खुर्चीखाली कर्णा मावेना, म्हणून बाजूला बसला, सभेचा अध्यक्ष बसतो तसा.

गॅरेजवाला आला. कर्ण्यात डोकावून म्हणाला, "ह्याच्यावर बातम्या लागतात का रे?" सगळे हसले. मीही हसलो. आज हसण्यात खोट नव्हती.

पैलवान उठला, जाऊन गॅरेजवाल्याच्या गुडघ्याला कर्णा टेकवला. तो त्याच्या पाठीवर हात फिरवायला लागला. खूप वेळ. कुशीवरच्या विरळ जागेशी हात थांबला.

"हे तू ओळखलंस?" मला विचारलं.

"गळती मी ओळखली. कारण तिनं."

उठला. दाढी न करताच गेला. त्याची दाढी रोजची!

२४ मार्च, सोमवार

टाके निघाले. जखम म्हणजे एक बारीक रेघ. माझ्या हातून असं काही झालं असतं तर मी गिऱ्हाइकांना दाखवत फिरलो असतो. ती फक्त म्हणाली, "बरी भरलीय."

आणि अहवाल. गाठ होती. तीच, तिनं पहिल्या दिवशी सांगितली ती. पण आवरणाच्या आतच. बाहेर कुठे गेलेली नाही. रक्त पुन्हा तपासलं, ते वर चढतंय. मोठे डॉक्टर म्हणाले, "अजून दोन महिने गेले असते तर मी टेबलावर घेतलं नसतं." मग तिच्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हिनं मला त्या दिवशी नको म्हटलं. माझ्या दवाखान्यात! बरं केलं."

जीव भांड्यात पडला म्हणतात. माझा आज पडला, खणकन् आवाज करून.

ती पाटी. जाताना बघितली. अक्षरं लहानच आहेत. पण पुसून चकचकीत करून आलो. रुमालानं. कोणी बघितलं नाही.

६ एप्रिल, रविवार

गॅरेजवाला घरी आला. दुकानात नाही, घरी! बरोबर मोठ्या दोन कुत्र्यांपैकी धाकटा. बारकी आली होती, हे त्याला बरोबर कळलं असणार.

दारातच उभा. टोपी हातात. तिला म्हणाला, "डॉक्टर, जरा ह्याला बघता का? ह्याचंही... एकच आहे. मी म्हणायचो, उतरेल."

डॉक्टर म्हणाला! ह्यानं तिला फ्रॉकात बघितलंय. नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून बारकी म्हणतो.

ती अंगणात गुडघ्यावर बसली आणि हात पुढे केला. त्या दोघांत आता माझं काम नव्हतं. मी आत येऊन चहा टाकला. हिला म्हणालो, "ऐकलंस?" ही म्हणाली, "ऐकलं. दार लावू नका, अजून ऐकू दे."

१२ एप्रिल, शनिवार

मास्तर म्हणाले, "तुझी लेक तुझ्याकडे शिकायला राहिली असती तर माझी दाढी चांगली झाली असती." तिला सांगितलं. खूश झाली.

१९ एप्रिल, शनिवार

विंचरताना फणी अडली. दिवा जवळ घेतला.

फुटलेत! दोन्ही कुशींवर. बारीक, मऊ, काळी लव. पिल्लाला असते तशी. उजवीकडे जेवढी, डावीकडे तेवढीच. मी बोटानं उलटं फिरवून बघितलं, सुलटं फिरवून बघितलं. पैलवान कंटाळून जांभई देत होता.

आयुष्यभर केस कापले. केस उगवले म्हणून डोळ्यांत पाणी येईल असं कोणी सांगितलं असतं तर त्याची अर्धीच दाढी करून पाठवला असता.

सकाळी पिवळा पायरीशी आला होता. पैलवान नुसता उठून उभा राहिला. पिवळा गेला. गुरगुरावंही लागलं नाही. उशीची खोळ म्हणे!

तिला फोन केला. ह्या वेळी हं म्हटलं नाही. म्हणालो, "डॉक्टरबाई, तुमच्या हाताला तोड नाही." पलीकडे कुठलंतरी दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाबा, पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हणालो.

२० एप्रिल, रविवार

मलाही एक गाठ आहे. वृषणात. तिथेच. पाच महिने झाले. दुखत नाही. ह्या वहीतसुद्धा लिहिली नव्हती. आज सकाळी हिला सांगितलं. सरळ शब्द वापरून. ही माझा हात धरून बसली. मग आम्ही दोघांनी बारकीला सांगितलं. तिनं एक क्षण डोळे मिटले, आणि विचारायला लागली — कधीपासून, केवढी, दुखते का. मी एकेकाचं उत्तर दिलं. उद्या नऊ वाजता, माणसांच्या डॉक्टरांकडे. दोघी बरोबर येणार आहेत.